पाणबुड्यांच्या लहरी आणि अवकाशातले इलेक्ट्रॉन

पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी उभारलेल्या नौदलांच्या प्रक्षेपण केंद्रांनी पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतही ढवळाढवळ केली, हे बरेच उशिरा ध्यानात आले. 1958 मध्ये जेम्स व्हॅन ॲलन यांनी शोधलेल्या या पट्ट्यांत वेगवान इलेक्ट्रॉन अडकून फिरत असतात. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर ‘स्टारफिश प्राइम’ अणुस्फोट केला. पट्ट्यांत त्यातल्या इलेक्ट्रॉनांची भर पडली आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार उपग्रह काही महिन्यांत निकामी झाला. असे इलेक्ट्रॉन खाली कसे उतरवायचे, या प्रश्नाला तेव्हापासून व्यावहारिक महत्त्व आले.

इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण ये-जा करतो. अशा केंद्राच्या, समोरून येणाऱ्या रेडिओ लहरीची त्याला जाणवणारी कंप्रता त्याच्या गिरकीशी जुळली, की त्याच्या वाटचालीचा कोन बदलतो. मग तो नेहमीच्या उंचीवरून माघारी न वळता दाट हवेत शिरतो आणि तिथेच संपतो.

1982 मध्ये अमेरिकेतील कटलर या नौदल केंद्राच्या लहरी ठरावीक तालात चालू-बंद करण्यात आल्या. वरून जाणाऱ्या उपग्रहाला इलेक्ट्रॉनांची गळती त्याच तालात दिसली. पुढे ऑस्ट्रेलियातील एक्समाउथच्या 19.8 किलोहर्ट्झ केंद्राची खूण फ्रान्सच्या डेमेटर उपग्रहाने टिपली. या केंद्राची शक्ती 10 लाख वॅट आणि लहर सुमारे 15 किलोमीटर लांब. विखुरलेले इलेक्ट्रॉन तेथून पूर्वेकडे वाहताना दिसत. 2007 च्या मध्यापासून केंद्र जवळपास सात महिने बंद राहिले आणि ती खूणही नाहीशी झाली. ही मुद्दाम आखलेली चाचणी नव्हती. पण कार्यकारणाचा याहून स्वच्छ पुरावा या विषयात क्वचितच मिळतो.

भारतीय नौदलाचे असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ, 18.2 किलोहर्ट्झवर आहे. मात्र ते चुंबकीय विषुववृत्तालगत असल्याने तिथल्या बलरेषा पट्ट्यांपर्यंत चढतच नाहीत. सोलापूरची गोष्टही फार वेगळी नाही. तिथून निघणारी बलरेषा काही शे किलोमीटर उंची गाठते आणि हिंदी महासागरात उतरते; आतला पट्टा साधारण 1000 किलोमीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे सोलापूरच्या आकाशात या लहरी पोहोचल्या, तरी त्या बलरेषेवर त्यांनी विखुरावेत असे अडकलेले इलेक्ट्रॉन नाहीत.