ट्वीटरची जागा कोणी ठरवली? लाउडस्पीकर किटच्या फळीवरील दोन छिद्रांचा इतिहास

१/ घरी बांधायच्या लाउडस्पीकर किटमध्ये सुटे ध्वनिघटक, क्रॉसओव्हरचे भाग आणि खोक्याचा आराखडा असतो. आराखड्यातील दर्शनी फळीवर दोन छिद्रे असतात: मोठे वूफरचे, लहान ट्वीटरचे. ट्वीटर जरा वर सरकवला, किंवा त्याजागी महागडा बसवला, तर काय बिघडेल? हौशी कारागिरांचा हा प्रश्न जुना आहे. त्याच्या उत्तराची सुरुवात हॉलिवूडमधील एका नृत्यापासून होते.

२/ १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी शंकूच्या पडद्याचा, कर्ण्याविना चालणारा लाउडस्पीकर मांडला. परंतु खर्जासाठी पडदा मोठा लागतो, आणि मोठ्या पडद्यातून तार स्वर विजेरीच्या झोतासारखे केवळ समोर जातात. म्हणून काम दोघांत वाटणे आले. मग एकाच नादाचे दोन उगम झाले आणि नवा पेच उभा राहिला.

३/ १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांच्या चमूने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद दूरध्वनीच्या तारांवरून वॉशिंग्टनमध्ये ऐकवला. त्या यंत्रणेत खर्ज व तार स्वरांचे कर्णे वेगळे होते. एमजीएम स्टुडिओत तशी यंत्रणा तपासताना नर्तकी एलिनॉर पॉवेल यांच्या बुटाची एक टाप दोनदा ऐकू येई. खर्जाचा मार्ग सुमारे ८ फूट लांब होता, म्हणजे विलंब ७ मिलिसेकंदांचा.

४/ जॉन हिलियार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अंतर कमी करून ‘शिअरर हॉर्न’ ही यंत्रणा घडवली. १९३६ सालासाठीच्या ऑस्कर तांत्रिक सन्मानांत तिची दखल घेतली गेली. त्यातून एक धडा पक्का झाला: ध्वनिघटक कितीही उत्तम असोत, त्यांची मांडणी हाही आवाजाचाच भाग असतो.

५/ चित्रपटगृहातील प्रश्न फुटांचा होता, घरातील सेंटीमीटरचा आहे. ३००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ११.४ सेंमी असते. विहिरीत दोन खडे एकदम टाकले की काही ठिकाणी लाटा एकमेकींना उचलून धरतात, काही ठिकाणी पुसून टाकतात. दोन्ही घटक जो स्वर मिळून वाजवतात, तिथे हेच घडते. वाटेतला फरक अर्ध्या तरंगाचा, म्हणजे ५.७ सेंमी झाला, की तो स्वर विरतो.

६/ समजा, दोन्ही केंद्रांत १४ सेंमी अंतर आहे. समोरच्या रेषेपासून सुमारे २४ अंश वर-खाली गेल्यावर तो स्वर नाहीसा होतो. शोभेसाठी ट्वीटर ३ सेंमी वर नेला, तर हीच मर्यादा २० अंशांवर येते. घटक आडवे, शेजारी-शेजारी बसवले, तर ही पोकळी थेट श्रोत्यांच्या रांगेत उतरते. दोघे एकाखाली एक असण्याची प्रथा त्यामुळेच रूढ झाली.

७/ खोलीचेही तेच. वूफरचा शंकू आत गेलेला असतो, तर ट्वीटर फळीच्या पातळीवर असतो. २.५ सेंमीचा हा फरक ३००० हर्ट्झला जवळजवळ ८० अंशांचा कलाभेद निर्माण करतो. किटचा रचनाकार तो गृहीत धरूनच क्रॉसओव्हर आखतो. सपाट ट्वीटर काढून खोलगट बसवला, की ते गणित मोडते.

८/ फळीच्या कडाही गप्प बसत नाहीत. आरसीएच्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये निरनिराळ्या आकारांच्या खोक्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. गोल खोक्याचा प्रतिसाद सर्वांत सलग निघाला. याउलट, सपाट गोल तोंडाच्या मधोमध, सर्व कडांपासून समान अंतरावर घटक बसवला असता चढउतार तीव्र झाले, कारण सर्व कडांचे परावर्तन एकाच क्षणी येते. ट्वीटर किंचित बाजूला दिसतो, तो अनेकदा याच कारणाने.

९/ १९७६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे अभियंते सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी, एका जागी नसलेल्या ध्वनिघटकांसाठी क्रॉसओव्हर कसा असावा, यावर शोधनिबंध लिहिला. त्यांचे सहकारी रस रायली यांचेही नाव त्या पद्धतीला जोडले गेले. दोन्ही घटक समकलेत राहिले, तर आवाजाचा मुख्य झोत वर वा खाली न झुकता सरळ समोर राहतो.

१०/ १९८० मध्ये अमेरिकेत एडवर्ड डेल यांनी ‘स्पीकर बिल्डर’ हे हौशी बांधणाऱ्यांचे नियतकालिक सुरू केले. जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये एका अभियांत्रिकी अधिवेशनात मांडलेली रचना पुढल्याच वर्षी त्यात आली: मधे ट्वीटर, वर व खाली एकेक वूफर. सममितीमुळे झोताचा कल नाहीसा होतो. पुढे अनेकांनी केवळ हे रूप उचलले, अंतराची अट सोडली आणि गुणही गमावला.

११/ ट्वीटर बदलताना लोक त्याची कीर्ती पाहतात. तथापि नवा घटक ३ डेसिबलने अधिक संवेदनक्षम असेल, तर तार स्वरांना दुप्पट शक्ती दिल्यासारखे होते. त्याचा विद्युत अवरोध वेगळा असेल, तर जुन्या कॉइल व कपॅसिटरची सीमा सरकते. त्याची कडा रुंद असेल, तर केंद्रे दूर जातात. एक सुटा भाग बदलला, असे इथे कधीच होत नाही.

१२/ म्हणजे किटमध्ये सुट्या भागांबरोबर एक अंतरही विकत मिळते. ते बदलू नये, असे इतिहास सांगत नाही. हिलियार्डपासून डॅपोलिटोपर्यंत सर्वांनी ते बदललेच. मात्र प्रत्येकाने बदलल्यावर पुन्हा मोजले. आज मोजणीचा मायक्रोफोन आणि संगणक घरोघरी परवडतो. करवत चालवण्याआधी एक मोजणी आणि नंतर दुसरी, एवढे केले की हौस ही कारागिरी होते.