सरोवरांच्या प्रदेशांतील सायकलच्या वाटा

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत ‘सरोवरांचा प्रदेश’ ह्या नांवानें ओळखला जाणारा एक डोंगराळ मुलूख आहे. विंडरमिअर, अल्सवॉटर, डर्वेंटवॉटर अशीं लांबट सरोवरें, त्यांच्या काठचीं दगडी घरांचीं खेडीं, आणि मधून मधून मेंढरें चरत असलेले उघडे डोंगर, असें त्याचें स्वरूप आहे. वर्डस्वर्थ कवीचें वास्तव्य ह्याच मुलखांत असल्यामुळें इंग्रजी काव्य वाचलेल्या मराठी माणसास तो न पाहतांही परिचयाचा वाटतो. आज तेथील खिंडी सायकलवरून ओलांडण्यासाठीं दूरदूरचे लोक येतात. परंतु ज्या रस्त्यांवरून हीं चाकें फिरतात, त्यांपैकीं बहुतेक रस्ते सायकलसाठीं केलेले नाहींत. ते कोणीं केले आणि सायकलस्वाराच्या वांट्यास कसे आले, हें पाहूं गेल्यास एका जुन्या वादाशीं येऊन थांबावें लागतें. सृष्टीचें सौंदर्य पाहण्याचा अधिकार कोणास, हा तो वाद होय.

ह्या रस्त्यांतील अत्यंत कठीण असा रस्ता रोमन लोकांचा वारसा सांगतो. समुद्रकांठचें रेव्हनग्लास आणि विंडरमिअरच्या उत्तर टोकाजवळचें अँबलसाइड हीं दोन ठाणीं जोडण्यासाठीं त्यांनीं हार्डनॉट व रायनोज ह्या खिंडींतून वाट काढली. दोन्ही खिंडी सुमारे १३०० फूट उंचीवर आहेत. हार्डनॉटच्या उतारावर हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत, बांधलेल्या किल्ल्याच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. रोमन गेल्यावर ह्या डोंगरांतून लोंकर वाहणारीं तट्टें चालूं लागलीं. हॉनिस्टरच्या खिंडींत पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या; तेथील कामगार दगडानें भरलेली हातगाडी घसरगुंडीसारख्या उतारावरून स्वतःच्या अंगबळानें आवरीत खालीं आणीत. सैन्य, व्यापार आणि खाण ह्या तिघांच्या गरजेंतून ह्या वाटा पडल्या. शोभा पाहावी म्हणून त्या कोणीं पाडल्या नव्हत्या.

शोभा पाहणारे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तेही घोडागाडीचा खर्च सोसणारे. १८४४ सालीं केंडलपासून विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याची योजना निघाली, तेव्हां वृद्ध वर्डस्वर्थनें वर्तमानपत्रांतून पत्रें लिहून तिला कडाडून विरोध केला. निसर्गसौंदर्याची रुचि हळूहळू अंगीं बाणावी लागते. कारखान्यांतील माणसांचे थवे एकदम आणून सोडल्यानें त्यांस लाभ नाहीं आणि प्रदेशाची शांति मात्र जाईल, असें त्याचें म्हणणें होतें. विरोध फुकट गेला. १८४७ सालीं रेल्वे आली आणि तिच्या स्थानकाभोंवतीं विंडरमिअर हें गांवच वसलें. तथापि रेल्वेनें आलेला कामकरी स्थानकाजवळच्या सरोवराकांठीं थांबे. आंतल्या खिंडी त्याच्या आटोक्यापलीकडच्या होत्या.

ही मर्यादा सायकलनें मोडली. १८८५ सालीं स्टार्लीनें सारख्या चाकांची आणि सांखळीची सुरक्षित सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली धांव काढली. त्यापूर्वींच, १८७८ सालीं, हॅरोगेट येथें सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला होता. त्यानें धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सावधगिरीच्या पाट्या लावल्या, खाणावळवाल्यांशीं सभासदांसाठीं दर ठरविले, आणि गांवोगांवचे चढउतार सांगणाऱ्या मार्गदर्शिका छापल्या. १८९९ सालीं त्याची सभासदसंख्या ६० हजारांवर गेली होती. १८८६ सालीं सायकलस्वारांच्याच संस्थांनीं रस्तेसुधारणेसाठीं स्वतंत्र मंडळ काढलें, आणि १८८८ च्या कायद्यानें सायकल ही गाडीच होय असें ठरून तिला रस्त्यावर हक्काची जागा मिळाली.

पुढें सायकल स्वस्त झाली, जुनी तर आणखी स्वस्त मिळूं लागली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांतील तरुण रविवारीं बाहेर पडूं लागले. १८९४ सालीं समाजवादी कामगारांनीं बर्मिंगहॅम येथें आपला सायकल संघ काढला. १९३० सालीं तरुणांसाठीं वसतिगृहें काढणारी संस्था निघाली. एका रात्रीचें भाडें एक शिलिंग, आणि यावयाचें तें पायीं किंवा सायकलवर, असा तिचा दंडक होता. ज्या माणसांस सौंदर्याची रुचि नाहीं असें वर्डस्वर्थनें गृहीत धरलें होतें, तींच माणसें आठवड्याची मजुरी वांचवून, स्वतःच्या पायांच्या बळावर, कवीच्या दारापर्यंत पोंचलीं.

परंतु इतिहासाची गंमत अशी कीं, सायकलस्वारांनीं झगडून सुधारून घेतलेल्या रस्त्यांचा मुख्य लाभ मोटारीस झाला. १९१३ सालीं हार्डनॉट खिंडींतून पहिली मोटार गेली. दुसऱ्या महायुद्धांत लष्करानें तेथें रणगाडे चालविण्याचें शिक्षण दिलें. त्यांत रस्त्याचा पृष्ठभाग पार उखडून गेला. युद्ध संपल्यावर तो पूर्ववत् करावा कीं नवा बांधावा ह्यावर वाद झाला, आणि अखेर मोटारी जातील असा रस्ता झाला. १९५१ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला, २०१७ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली; आणि प्रत्येक सन्मानाबरोबर अरुंद रस्त्यांवरील मोटारींची रांगही लांबत गेली. गर्दीनें शांति जाईल ही वर्डस्वर्थची भीति अगदींच खोटी नव्हती. त्याचें चुकलें तें कोणाला दूर ठेवावें ह्या निवडींत.

सायकलस्वारास निवांत वाट मिळाली ती अनपेक्षित ठिकाणीं. पेन्रिथ ते केझिक ही रेल्वे १८६० नंतरच्या दशकांत सुरू झाली आणि १९७२ सालीं बंद पडली. केझिकपासून थ्रेलकेल्डपर्यंतच्या तिच्या रूळ काढलेल्या पट्ट्यावर, ग्रेटा नदीच्या कांठानें, पायीं व सायकलनें जाणाऱ्यांसाठीं वाट झाली. पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंत सुमारे १४० मैलांचा जो सायकलमार्ग १९९४ सालीं खुला झाला, तो ह्याच वाटेनें जातो. डिसेंबर २०१५ च्या महापुरांत तिचे पूल वाहून गेले. पूर्ण दुरुस्तीस पांच वर्षें लागलीं आणि २०२० च्या डिसेंबरांत ती पुन्हां सुरू झाली. ज्या आगगाडीस एके काळीं ह्या मुलखाच्या शांतीचा शत्रु मानण्यांत आलें, तिच्याच मोकळ्या झालेल्या बांधावर आज मोटारीचा आवाज येत नाहीं.

खिंडींचे रस्ते मात्र आपल्या जुन्या स्वभावास धरून आहेत. १९९९ सालापासून दरवर्षीं सुमारे ११० मैलांची एक दिवसाची सफर निघते. तींत कर्कस्टन, हॉनिस्टर, न्यूलँड्स, व्हिनलॅटर ह्या खिंडी ओलांडून थकलेल्या स्वारासमोर शेवटीं शेवटीं हार्डनॉट उभी राहते. तेथें कांहीं ठिकाणीं तीन फुटांस एक फूट असा चढ आहे. सायकल उत्तम, यंत्रें हलकीं, रस्ता डांबरी. तरीही पुष्कळ जण तेथें खालीं उतरतात आणि सायकल हातानें ढकलीत चालूं लागतात. किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळून ते जातात तेव्हां त्यांची गति रोमन शिपायाच्या गतीहून फारशी वेगळी नसते.