निदानाचा शेवटचा परीक्षक

रुग्णाच्या खाटेशेजारी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. पण वॉर्डात गुरूने केलेले निदान हाच अंतिम शब्द मानला गेला, तर शिष्याच्या पदरी उत्तर पडते, विचार पडत नाही. म्हणून गुरूचे निदानही चुकू शकते हे वर्गाला दिसल्याशिवाय निदान शिकवता येत नाही, असे मला वाटते. बॉस्टनचा इतिहास हेच सांगतो. 1900 साली हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅननने लेख लिहून सुचवले, की कायद्याचे विद्यार्थी खटल्यांवरून शिकतात, तसे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी खऱ्या रुग्णांच्या टिपणांवरून शिकावे. रिचर्ड कॅबट या डॉक्टरने ही रीत उचलली आणि 1906 मध्ये तिच्यावर पुस्तक काढले. तरी एक प्रश्न उरत होता: वर्गातल्या वादाचा निवाडा कोण करणार? कॅबटने तो अधिकार शवविच्छेदनाला दिला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 1910 च्या सुमारास सुरू झालेल्या सभांत मृत रुग्णाची टिपणे वाचली जात, डॉक्टर आपला तर्क पायरीपायरीने उघड मांडत, आणि मग पॅथॉलॉजिस्ट शरीरात काय सापडले ते सांगे. 1912 मध्ये कॅबटने तीन हजार शवविच्छेदनांचा हिशेब प्रसिद्ध केला. टायफॉइडचे निदान शंभरात 92 वेळा बरोबर ठरले होते, तर मूत्रपिंडाच्या तीव्र दाहाचे अवघे 16 वेळा. कुठे सावध राहायचे, हे विद्यार्थ्याला यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

अशा सभांत दुर्मिळ आजारांचेच कौतुक होते, हा आक्षेप खोटा नाही. पण कॅबटचे 1911 चे पुस्तक पाहावे: त्यातल्या 383 केसेस आजारांच्या नावांनुसार लावलेल्या नाहीत, डोकेदुखी, पोटदुखी अशा तक्रारींनुसार लावल्या आहेत. रुग्ण दारात येतो तो तक्रार घेऊन, आणि तिथून मागे शोध घेण्याची सवय नेहमीच्या आजारालाही तितकीच लागते. दुसरा आक्षेप असा, की सीटी स्कॅनच्या काळात शवविच्छेदन कशाला? पण कोणती तपासणी करायची आणि तिच्यातल्या सावलीचा अर्थ काय लावायचा, हे शेवटी माणूसच ठरवतो, आणि त्याचा अंदाज चुकू शकतो. शवविच्छेदने आज फार कमी झाली आहेत. ती कमी झाली म्हणून चुका कमी झाल्या असे नव्हे, त्या उघडकीला येण्याची एक वाट बंद झाली. जे रुग्णालय ही वाट मोकळी ठेवते, तेच आपल्या शिकाऊ डॉक्टरांना निदान खऱ्या अर्थाने शिकवते.