रोलरचा एक फेरा

न्यू यॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कॉर्नेई यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, खोलीत अंधार केला आणि तो थर सुती रुमालाने खसाखसा घासला. घासण्याने त्यावर वीज साठली. तारीख आणि ठिकाण शाईने लिहिलेली काच वर ठेवून त्यांनी दिवा दाखवला. उजेड पडला तिथली वीज निघून गेली, अक्षरांच्या सावलीतली तेवढी राहिली. मग लायकोपोडियमची पूड भुरभुरून जास्तीची फुंकून टाकली, तर पूड अक्षरांपुरती चिकटून बसलेली. झेरॉक्सचं सगळं घराणं या पत्र्यापासून सुरू होतं. तिथे व्होल्टेज ठरवायचं साधन एकच होतं, हाताचा जोर.

प्रयोगापुरतं ते ठीक होतं. यंत्रात मात्र थरावरचा भार इथे कमी, तिथे जास्त असून भागत नाही. प्रत तशीच डागाळलेली निघते. ओहायोतल्या बॅटेल संस्थेत १९४४ पासून या शोधावर काम सुरू झालं, आणि रुमालाच्या जागी बारीक तार आली. तारेला काही हजार व्होल्ट दिले की तिच्याभोवतालची हवा विद्युतभारित होते आणि तो भार खालच्या थरावर उतरतो. गंधक जाऊन सेलेनियम आलं. १९५९ साली बाजारात आलेल्या झेरॉक्स ९१४ या मशीनमध्ये सेलेनियमचा ड्रम आणि अशी तार होती.

तार चांगली, पण लहरी. तिच्यावर धूळ बसली, टोनर बसला, हवा दमट झाली की ड्रमवरचा भार बदलतो, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मोजत बसणं आलं. यावर निघालेला तोडगा मला या कुळकथेतला सगळ्यांत देखणा वाटतो. तार आणि ड्रम यांच्यामध्ये धातूची जाळी बसवायची आणि जाळीला हवं तेवढं व्होल्टेज द्यायचं. ड्रम जाळीच्या पातळीजवळ पोचला की जाळी पुढचा भार स्वतःकडे ओढून घेते. मोजण्याची कटकट बरीचशी आपोआप मिटली.

ती परत आली ती सोयीपायी. तारेमुळे ओझोन तयार होतो, आणि काही हजार व्होल्टांची सामग्री जागा खाते. कॅननने १९८२ मध्ये पीसी-१० हे घरगुती आकाराचं मशीन काढलं. ड्रम, टोनर सगळं एका बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अशा कार्ट्रिजमधून तारही गेली आणि ड्रमला टेकून फिरणारा रबरी रोलर आला. आपल्याकडे कार्ट्रिज रिफिल करणारे त्याला ‘पीसीआर’ म्हणतात. ड्रम, ब्लेड, मॅग रोलर आणि पीसीआर, हा त्यांचा रोजचा मंत्र.

रोलर ड्रमला टेकलेला असला तरी भार पोचतो तो टेकलेल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या केसाहून बारीक फटीतून, छोट्या छोट्या ठिणग्यांनी. किती फटीत किती व्होल्टला हवा दाद देते, याचा नियम फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच मांडून ठेवला होता. रोलर आणि ड्रमच्या जोडीत हा उंबरठा साडेपाचशे-सहाशे व्होल्टच्या आसपास येतो. त्याखाली ड्रमवर भार चढतच नाही.

नुसतं डीसी दिलं तर ड्रम ठिपकेदार भारला जातो. म्हणून डीसीवर एसी चढवतात. एसीचा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा झोका उंबरठ्याच्या दुपटीहून मोठा ठेवला, की भार पुढेमागे होत सपाट बसतो. मग झोका भरपूर मोठाच का ठेवू नये? कारण ठिणग्या ड्रमचा थर खातात. शिवाय त्यांतून तयार होणारी नायट्रोजनची संयुगं ड्रमवर बसतात आणि दमट हवेत ओलावा धरतात. मग ड्रमवरची वीज जागच्या जागी राहत नाही, अक्षरं पसरतात. कोकणातल्या जुलैत हे सांगायला नको. म्हणजे झोका हवा तो जेमतेम पुरेल इतकाच. आणि ‘जेमतेम’ किती, ते रोलरचं वय, तापमान आणि ओलावा यांवर ठरतं. झालं, मोजणं आलं.

मोजायचं कसं? एकूण करंट मोजून उपयोग नाही, कारण त्यातला मोठा भाग ठिणगीचा नसतोच. रोलर आणि ड्रम मिळून कपॅसिटरसारखे वागतात, त्याचा असतो. कॅननच्या इंजिनिअरांनी २००० च्या आसपास यावर युक्ती काढली. उंबरठ्याखाली काही व्होल्टेजांना करंट मोजायचा आणि त्यांतून सरळ रेघ काढायची. उंबरठ्याच्या वर पुन्हा काही ठिकाणी मोजायचा, त्यांची दुसरी, जास्त चढाची रेघ. एखाद्या व्होल्टेजला या दोन रेघांमध्ये जेवढं अंतर, तेवढा ठिणगीचा करंट. तो ठरलेल्या आकड्याइतका जिथे होतो, तो झोका त्या दिवसापुरता पक्का.

हे सगळं आधी कुणाला खटकलं नसतं, कारण टोनर कागदावर वितळवणारा रोलर तापायला वेळ लागायचा आणि मोजमाप त्याच्या आड लपून गेलं असतं. दुकानदार ‘गरम होतंय’ म्हणायचा, ते खरंच होतं. नव्वदच्या दशकात कॅननने जाड रोलरऐवजी पातळ फिल्म तापवायला घेतली आणि तो वेळ जवळजवळ संपला. आड गेला, मोजणारा उघडा पडला.

आता घाई करायची ती कुठे? मीटर वेगवान करून फारसं साधत नाही, हे हिशेबातच दिसतं. समजा रोलर १२ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचा परीघ ३८ मिलिमीटरच्या आत-बाहेर. मिनिटाला साधारण २५ पानं काढणाऱ्या मशीनमध्ये ड्रमचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १५० मिलिमीटर सरकतो, म्हणजे रोलरच्या एका फेऱ्याला पाव सेकंद. रोलर सगळ्या बाजूंनी सारखा नसतो, म्हणून एका वाचनाला एक पूर्ण फेरा फिरवून सरासरी घ्यावी लागते. पाच वाचनं म्हटली तर सव्वा सेकंद, आणि दरवेळी व्होल्टेज बदलून स्थिर व्हायला लागतो तो वेळ वेगळा.

तेव्हा बचत वाचनांतच करायला हवी. खालची रेघ शून्यातून जाते, कारण व्होल्टेज नाही तर करंटही नाही. तो बिंदू फुकट मिळतो, न मोजता अचूक. मग तिथे एकच वाचन पुरतं. वरच्या रेघेसाठी कुठे मोजायचं ते तापमान-ओलाव्याच्या सेन्सरवरून आणि मागच्या वेळच्या उत्तरावरून ठरवलं की चाचपडणं वाचतं. उरलेली वाचनं लांबलचक कामात दोन कागदांमधल्या मोकळ्या जागेत एकेक करून उरकता येतात. पाचाची तीन झाली आणि आकडा तितकाच विश्वासाचा राहिला, कारण टाकलेली वाचनं नवं काही सांगणारी नव्हतीच.

फेरा मात्र कापता येत नाही. रोलरचा आस मध्यापासून नुसता किंचित सरकलेला असेल तर समोरासमोरच्या दोन बिंदूंची सरासरी घेऊन अर्ध्या फेऱ्यात भागेल. पण रात्रभर एकाच जागी ड्रमला दाबून राहिलेलं रबर तिथे जरा चपटं होतं, आणि ती जागा नेमकी उरलेल्या अर्ध्यात असू शकते. त्यातून रात्रीत हवा बदललेली असते, मागच्या वेळच्या उत्तरावरही फार विसंबता येत नाही. म्हणून बराच वेळ बंद राहिलेलं मशीन सगळी वाचनं पूर्ण फेऱ्यांनी नव्याने घेतं, आणि सकाळचं पहिलं पान दुपारच्या पानापेक्षा उशिरा बाहेर येतं.