मांजरेकांठीं आलेले पदवीधर

विद्या पुरी झाल्यावर मनुष्य कोणत्या दिशेस चालूं लागतो, यावरून त्याच्या मुलुखाची स्थिति ओळखतां येते असें आम्हांस वाटतें. राजांच्या स्वाऱ्या कोणत्या वाटेनें गेल्या याचा शोध आपल्याकडे पुष्कळ झाला. शिकलेल्या माणसांच्या वाटांचा तसा शोध झाला नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांपैकीं एका वाटेचा विचार करावयाचा आहे.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत, मांजरा नदीच्या खोऱ्यांत, युसूफ वडगांव हें गांव आहे. महाराष्ट्रांत वडगांवें पुष्कळ. वटग्राम या संस्कृत शब्दाचें हें प्राकृत रूप असल्यामुळें जेथें वडाचें झाड तेथें तें उगवलें, आणि मग एका वडगांवास दुसऱ्यापासून निराळें ओळखण्यासाठीं मागें वा पुढें कांहींतरी जोडावें लागलें. येथें एक मुसलमानी व्यक्तिनाम जोडलें गेलें. संस्कृत वड व सामी युसूफ हे शेजारीं बसले, आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. मराठवाड्याची जडणघडण अशीच आहे. या बाजूनें दसरादिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें कृष्णाकांठीं व कर्नाटकांत जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात. पदवी घेऊन पुणें, हैदराबाद अगर बंगळूर गांठणारा तरुण मात्र बहुधा परतत नाहीं. या दुसऱ्या जाण्याचें कौतुक होतें, पहिल्याची कींव होते. इतिहासाच्या अभ्यासकानें दोन्ही एकाच कोरड्या जमिनीचीं फळें म्हणून पाहावीं.

शिकून बाहेर पडण्याची ही चाल नवी नाहीं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पैठणचे रामेश्वरभट्ट हे विश्वामित्रगोत्री विद्वान् देशोदेशीं फिरून अखेर काशीस स्थायिक झाले. त्यांच्या प्रवासाचा वृत्तान्त त्यांचे नातू शंकरभट्ट यांनीं आपल्या कुलाच्या इतिहासांत दिला आहे, व त्याच्या आधारें महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं काशीच्या दक्षिणी पंडितांवर १९१२ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’त जो लेख लिहिला तो जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा. रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट हे ‘त्रिस्थलीसेतू’चे कर्ते. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनीं १६१२ सालीं ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, ज्यावांचून आजही कित्येक घरीं व्रताची तिथि ठरत नाहीं. आणि रामेश्वरांचे खापरपणतू विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट यांनीं शके १५९६ च्या ज्येष्ठांत रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. गोदातीरींच्या गोलग्रामचें ज्योतिषी घराणेंही असेंच काशीस गेलें. त्यांतील कमलाकर यांचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ १६५८ चा आहे.

या घराण्यांची कीर्ति आपण अभिमानानें सांगतों. परंतु ती कीर्ति काशीची आहे हें सांगण्यास विसरतों. प्रतिष्ठान नगरीचे शिष्यवर्ग काशीच्या घाटांवर गेले, ग्रंथ तेथें झाले, ग्रंथसंग्रह तेथें वाढले. गागाभट्ट दक्षिणेंत आले, पण येथें राहिले नाहींत. मुक्काम काशीसच राहिला. मागें राहिलेल्या गोदाखोऱ्यास या जाण्यानें काय गमवावें लागलें याचा हिशेब मांडणें हें गौरवाहून अवघड काम आहे, आणि म्हणूनच तें कोणी केलें नाहीं.

पुढें दोन शतकांनंतर या प्रदेशाची स्थिति अशी झाली कीं, पंडितच काय, कॉलेजांत जाऊं इच्छिणारा साधा विद्यार्थीही परमुलुखांत गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. बीडच्या पश्चिमेस इंग्रजी अंमलाचा अहमदनगर जिल्हा, नैर्ऋत्येस सोलापूर. पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ पासून चालूं होतें. मांजरेच्या खोऱ्यांतून तिकडे जाण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. कुर्डुवाडी ते बार्शी ही लहान रुळांची गाडी १८९७ सालीं सुरू झाली आणि १९११ सालीं लातुरापर्यंत आली. विद्यार्थी बैलगाडीनें जवळचें स्टेशन गांठीत असे, कुर्डुवाडीस लहान रुळांवरून मोठ्या रुळांवर बदलत असे, आणि तेवढ्या प्रवासांत त्याचें जगच बदलत असे. निजामी हद्दींत हाली शिक्का चाले, बाहेर कलदार. सात हाली रुपये मोडावे तेव्हां सहा कलदार हातीं येत. म्हणजे मोगलाईंतील बापानें खाणावळीसाठीं पाठविलेल्या पैशाचा सातवा हिस्सा, मुलानें घांस घेण्यापूर्वींच, हिशेबांतून नाहींसा होई. हद्दीवर करोडगिरीचें नाकें, टपालाचीं तिकिटें निराळीं, आणि कालगणनाही निराळी. घरीं फसली सन व आजूर-बहमन हे महिने, पुण्यास जानेवारी-फेब्रुवारी.

राज्याच्या आंत उच्च शिक्षण नव्हतें असें नाहीं. हैदराबादचें निझाम कॉलेज १८८७ पासून होतें, १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली, व १९२३ सालीं औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज निघालें. देशी भाषेंतून सर्व शास्त्रें शिकविण्याचा उस्मानियाचा प्रयोग हिंदुस्थानांत अपूर्व होता, आणि त्याचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. पण ती देशी भाषा उर्दू होती. ज्या मुलाच्या घरीं ज्ञानेश्वरी वाचली जात होती व ज्याच्या वाट्यास मराठी पंतोजीची खाजगी शाळा आली होती, त्यास विद्यापीठाच्या पायरीपर्यंत पोंचण्यासाठीं आधीं दुसऱ्या भाषेचा डोंगर चढावा लागे. आणि खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी हवी, ती लवकर मिळत नसे.

अशा मुलुखांत, प्रवाहाच्या उलट, बाहेरून आंत येणारे पदवीधर निघाले. त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण व्यंकटेश भवानराव खेडगीकर यांचें. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें. शिक्षण प्रथम सोलापुरास. १९२० सालीं लोकमान्य टिळक निवर्तले त्या प्रसंगीं या सोळा वर्षांच्या मुलानें आजन्म ब्रह्मचर्याची व देशसेवेची प्रतिज्ञा केली. असहकाराच्या हांकेस अनुसरून सरकारमान्य शिक्षण सोडलें, अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेंत कांहीं काळ काढला आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठांतून एम्. ए. झाले. त्यानंतर मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं काम करूं लागले. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद असल्यामुळें खेडगीकरांस मुंबईबरोबर दिल्लीचाही अनुभव मिळाला. राजधानीच्या वर्तुळांत प्रवेश झालेला बुद्धिमान तरुण तेथेंच वाढत जावा ही जगाची रीत. हे तेथून निघाले आणि निजामी राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत, १९२१ सालीं निघालेल्या राष्ट्रीय शाळेंत मास्तर होऊन बसले. तेथेंच संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ सालीं ते अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी विद्यालयाचें मुख्याध्यापकपद त्यांनीं घेतलें. हिप्परग्याचे सहकारी रामचंद्र गोविंद ऊर्फ बाबासाहेब परांजपे यांचेंही कार्यक्षेत्र हेंच झालें.

अंबाजोगाई त्या वेळीं सरकार दप्तरीं मोमिनाबाद म्हणून लिहिली जाई. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींनीं पावन झालेलें हें गांव. दासोपंतही बाहेरूनच आलेले. त्यांचें मूळ गांव तेलंगणांतील नारायणपेठ, आणि त्यांची सुमारें चाळीस फूट लांबीची पासोडी प्रसिद्धच आहे. या गावांस मराठींत शिकविणारी माध्यमिक शाळा भक्कम झाली, याचा अर्थ युसूफ वडगांवसारख्या गांवीं काय होता? गाडीवाटेनें दिवस मावळण्यापूर्वीं पोंचतां येईल अशा ठिकाणीं मुलास ठेवतां येणें, शनिवारीं-रविवारीं भाकरीचें गांठोडें पोंचवितां येणें, हद्द न ओलांडतां व हाली रुपया न मोडतां शिक्षण पुरें करतां येणें. ज्या बापाची ऐपत पुण्याची नव्हती पण अंबाजोगाईची होती, त्याच्यासाठीं त्या एका शाळेनें शिक्षणाची सीमाच शंभर कोस आंत आणली.

हे लोक कां आले, या प्रश्नास ‘त्यागानें’ असें उत्तर देण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. त्याग होता यांत संशय नाहीं. परंतु त्याग हा शब्द इतिहासांत जपून वापरावा, कारण तो वापरला कीं पुढचा शोध थांबतो. टिळक विद्यापीठासारख्या राष्ट्रीय संस्थेची पदवी इंग्रज सरकार मानीत नव्हतें, तेव्हां ती पदवी घेणाऱ्यानें सरकारी नोकरीचा दरवाजा आपणच लावून घेतलेला असे. दुसरीकडे निजामी राज्यांत १९१९ च्या मुल्की नियमांप्रमाणें बाहेरच्या माणसास दरबारी नोकरी मिळणें दुरापास्त. म्हणजे इंग्रजी हद्दींत ज्याच्या पदवीस किंमत नाहीं आणि निजामी हद्दींत ज्याच्या रहिवासास किंमत नाहीं, अशा मनुष्यास खाजगी शाळा हीच एक जागा मोकळी होती. आमच्या मतें या दोन कायद्यांनीं मिळून मराठवाड्यास त्याचे उत्तम शिक्षक दिले. दोन्ही सरकारांचा तसा हेतु अर्थात् नव्हता. शिवाय सरकारी वेतनाची आशा नसल्यामुळें सरकारी रोषाची भीतीही या शिक्षकांस इतरांहून कमी होती. शाळेंतून चळवळ निघाली ती एवढ्याच कारणानें नव्हे, पण हें कारण वगळून तिचा उलगडा होत नाहीं.

१९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन झालें. १९३८ सालीं स्वामीजी अंबाजोगाईची शाळा सोडून हैदराबादेस गेले; स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वींच बंदी आली होती, आणि ऑक्टोबरांत सत्याग्रह करून त्यांनीं तुरुंग पत्करला. पुढील कथा, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतची, सर्वश्रुत आहे व तिचा येथें विस्तार करण्याचें कारण नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस उलट दिशेची एक लाट उठली. ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून औरंगाबादच्या कॉलेजांतून व उस्मानियांतून शेंकडों विद्यार्थी काढले गेले. त्यांस अन्य विद्यापीठांचीं दारें बंद असतां नागपूर विद्यापीठानें कुलगुरु केदार यांच्या काळीं त्यांस आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले नरसिंहराव हे या निष्कासितांपैकीं एक. गोविंदभाई श्रॉफ यांचा मार्ग या दोहोंहून निराळा: औरंगाबादेंत वाढून ते कलकत्त्यास गेले, तेथें गणिताची एम्. एस्‌सी. व कायद्याची पदवी घेतली, आणि परत औरंगाबादेस शिक्षक म्हणून आले. जाऊन परत येणाऱ्यांची ही संख्या अल्प, परंतु मराठवाड्याच्या इतिहासांत तिचें वजन तिच्या संख्येच्या कैक पट आहे.

स्वातंत्र्यानंतर ही वाट एकदम बंद झाली नाहीं. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांनीं औरंगाबादेस पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें कॉलेज काढलें, जें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवाजलें. त्याचे प्राचार्य म. भि. चिटणीस मुंबईहून आले. ज्या मुलांच्या बापजाद्यांस पुण्याचीच काय, गांवच्या पंतोजीचीही ओसरी चढतां आली नव्हती, त्यांस त्या कॉलेजानें वसतिगृहासह दार उघडलें. येणाऱ्या पदवीधरांच्या इतिहासांत हें प्रकरण हिप्परगा-अंबाजोगाईच्या बरोबरीनें लिहिलें गेलें पाहिजे. तें बहुधा स्वतंत्र विषय म्हणून बाजूस ठेवलें जातें, तें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १९५२ च्या निवडणुकींत स्वामीजी गुलबर्ग्याहून व परांजपे बीडहून लोकसभेवर गेले, तेही निरनिराळ्या पक्षांकडून. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें, तेव्हां पदवीसाठीं मुलूख सोडण्याची सक्ति संपली. पदवीनंतर सोडण्याची संपली नाहीं.

या विषयाचीं साधनें राजदरबारच्या दप्तरांत थोडीं आहेत, घरोघर व शाळांतून अधिक. जुन्या शाळांचीं दाखल-खारीज रजिस्टरें, हजेरीपट, पुण्याहून घरीं आलेलीं व घरून पुण्यास गेलेलीं पत्रें, खाणावळीचे हिशेब, हाली-कलदारच्या मोडीच्या चिठ्ठ्या, हीं वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्या. केज व अंबाजोगाई तालुक्यांतील ज्या गृहस्थांकडे असे कागद असतील त्यांनीं ते मंडळाकडे नकलेपुरते पाठवावे. रजिस्टरांतील सन लावतांना एक सावधगिरी ठेवावी: मराठेशाहीच्या कागदांतील सुहूर सनाचा हिशेब येथें लागूं पडत नाहीं. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं, एक आजूर रोजीं, सुरू होतें. तेव्हां डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस फसली सनांत ५९० मिळवावे व जानेवारीपासून पुढें ५९१. १३४५ फसलीच्या आजूरांत दाखल झालेला मुलगा हा १९३५ च्या ऑक्टोबरांतला, म्हणजे स्वामीजी अंबाजोगाईस आले त्या वर्षाचा विद्यार्थी समजावा.