पाच तोफा आणि कारागिराचे नाव

पांढरकवडा म्हटले की आपल्याला कापूस आठवतो, फार तर टिपेश्वरचा वाघ. पेशवाईची अखेरची पळापळ याच मुलखात झाली हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. 17 एप्रिल 1818 रोजी या भागातील शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाला गाठले. अ‍ॅडम्सजवळ घोडदळाची एक पलटण आणि घोडतोफखाना एवढेच बळ होते. तरीही बाजीरावाच्या उरल्यासुरल्या पाच तोफा, तीन हत्ती आणि दोनशे उंट इंग्रजांच्या हाती लागले. कधीकाळी पानिपतापर्यंत तोफा ओढून नेणाऱ्या सत्तेजवळ शेवटी पाचच तोफा राहिल्या होत्या.

हा तोफखाना असा का खंगला? ‘आपल्या कारागिरांना काम येत नव्हते’ हे त्याचे ठरलेले उत्तर. दख्खनच्या तोफखान्यात ओतारी, गोलंदाज, शिकलगार अशा कामांवर मुसलमान मोठ्या संख्येने होते. म्हणून हा ठपका आपल्याही दारात येऊन पडतो, आणि तो एकदा तपासून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ पाहा. ती 1549 मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. वजन सुमारे 55 टन. तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे. तिच्यावर ओतणाऱ्या उस्तादाचे नाव कोरलेले आहे : मुहम्मद बिन हसन रूमी. पुढे विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरला, पण उस्तादाचे नाव तसेच राहिले. काम बिघडले असते तर दोष कुणाचा हे साऱ्या दुनियेला कळले असते. ज्या कामावर नाव घालायचे, ते काम माणूस जीव ओतून करतो. इंग्रजी अमलात, 1854 मध्ये, हीच तोफ लिलावात निघाली आणि बोली आली दीडशे रुपयांची! सुदैवाने तो सौदा रद्द झाला.

चांगले हत्यार करून घेणे ही निम्मीच गोष्ट; ते राखणे ही उरलेली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात याची बारीक समज दिसते. तोफांचे गाडे मजबूत असावेत, पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने बुजवावेत, दारू वाळवून जपावी. गंज कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

हे शहाणपण कागदावर राहिले की काय होते, ते धारवाडला दिसले. 1790-91 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातील या किल्ल्याला वेढा घातला. आत बद्रुज्जमान खान होता. मराठ्यांच्या मदतीला आलेल्या कंपनीच्या तुकडीत लेफ्टनंट मूर होता. त्याचे पुस्तक 1794 मध्ये निघाले. एकदा तोफ भरली की मंडळी अर्धा तास गप्पा मारीत, हुक्का ओढीत बसत, मग बार उडे. दुपारी तर जेवणासाठी दोन्हीकडच्या तोफा गप्प होत, असे तो सांगतो. साहेबाच्या लेखणीत टिंगल आहे हे खरे. पण वेढा सहा महिन्यांहून अधिक लांबला, हेही खरेच.

यातला धातूचा हिशेब साधा आहे. घणाने ठोकून केलेला गोळा पुरता वाटोळा होत नाही. तो नळीत सैल बसला की दारूचा जोर बाजूने निसटतो आणि त्याचे कंगोरे नळी आतून खरवडतात. नेम चुकतो, तोफेचे आयुष्यही घटते. ओतीव गोळ्याला भट्टी, साचा आणि वेळेवर मिळणारा मेहनताना लागतो. हे ज्याने पुरवायचे त्याने हात आखडला, तर उस्तादाने काय करावे?

याचा पुरावा याच मराठ्यांच्या इतिहासात आहे. महादजी शिंद्यांनी आग्र्याला कारखाना घातला. तिथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि दहा रुपयांत एक बंदूक तयार होई. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या फौजेची अशी दैना केली की तिचे 1,500 हून अधिक लोक मेले वा जखमी झाले. लढाई शिंदे हरले, नव्वदहून अधिक तोफाही गेल्या. पण त्यांतल्या पितळी तोफांची वाखाणणी खुद्द वेलस्लीने केली. हात इथलेच, धातूही इथलाच होता. फरक होता तो कारखाना नीट चालवण्याचा.

मग 1878 चा हत्यारांचा कायदा आला आणि गावोगावच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्यावर परवान्याचे बंधन पडले. ‘सैकलगर’ या फारसी शब्दातून आलेले आपले शिकलगार कात्र्या, विळे, अडकित्त्यांना धार लावू लागले. आज 1959 च्या कायद्याप्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, तर दुरुस्त करायला आणि तपासायलाही परवाना लागतो. ते योग्यच आहे. बिघडलेली बंदूक आधी आपल्या मालकालाच घायाळ करते.

पण हुनराची गोष्ट बंदुकीपाशी संपत नाही. आज आपली मुले गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानांत, कारखान्यांत राबतात. त्यांचे काम बिघडले की आपण त्यांना बोल लावतो. लावावाही, वाईट कामाची तरफदारी आम्ही करणार नाही. मात्र त्याआधी स्वतःला विचारावे : आपण त्यांना शिकवले का, मोबदला वेळेवर दिला का, आणि चांगल्या कामावर त्यांचे नाव राहू दिले का? मुहम्मद बिन हसनचे नाव पावणेपाचशे वर्षे टिकले आहे. शिवणीच्या त्या पाच तोफा ओतणाऱ्यांची नावे मात्र आज आपल्याला सांगता येत नाहीत.