नावातले यश

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शाळेच्या हजेरीपटावर महमूद आणि यशवंत जवळजवळच असतात. यशवंत म्हणजे यश लाभलेला. महमूद म्हणजे ज्याची स्तुती होते तो. अहमद, हमीद, मुहम्मद ही नावेही त्याच अरबी धातूतली. ‘हम्द’ म्हणजे स्तुती.

१९१३ साली देवराष्ट्रे गावी लेकीचे बाळंतपण अडले, तेव्हा आजीने सागरोबाकडे यश मागितले. नातवाचे नाव यशवंत ठेवले. तेच यशवंतराव चव्हाण १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच १९१३ साली आमच्या पुसदजवळच्या गहुलीत वसंतराव नाईक जन्मले. नावात यश नव्हते, तरी १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री राहिले.

नाव ही घरच्यांची दुआ असते. स्तुती मात्र लोकांच्या तोंडून यावी लागते. ती बारशाला मिळत नाही.